बसू द्यायची नाही

मुजावरबाई माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या पायांकडे बघायच्या. नवी ओळख होती तेव्हा मला वाटायचं, बाईंना माझे बूट फार आवडलेत. नंतर कळलं की त्या चाल बघतात. आमच्या वर्कशॉपमधला वेल्डर नमस्कार करत समोर आला, तर नमस्कार राहायचा बाजूला आणि बाई विचारायच्या, "डावी टाच कधीपासून दुखतेय?" ती खरंच दुखत असायची. माझ्या सासऱ्यांना त्यांनी एकदा जिना उतरताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांच्या खुब्याचा फोटो काढून घ्या." मी म्हटलं, "बाई, तुम्ही घोड्यांच्या डॉक्टर." तर म्हणाल्या, "घोड्यांचीच आहे. घोडं काही तोंडानं 'मजेत आहे' असं सांगत नाही, त्यामुळे तिकडे बघायची सवयच लागली नाही." खुब्याचं पुढे खरं निघालं. सासरे मात्र त्यांना शेवटपर्यंत 'ती घोडेवाली' असंच म्हणत राहिले.

डॉ. रुकय्या मुजावर. मूळच्या कराडकडच्या, राहायला संत तुकाराम नगरात. उंच, हाडापेरानं भक्कम, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली आणि पायात बारा महिने गमबूट. आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. तबेल्यात शिरल्या की तो आणखी खाली जायचा. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वरातीच्या घोड्या आहेत, शर्यतीच्या आहेत, जमीन विकल्यावर हौसेनं दारात बांधलेल्या आहेत. त्यांतल्या कुणाचाही पाय गेला, की शेवटी बाईंना फोन जायचा. शेवटी म्हणजे अगदी शेवटी. आधी तेल-हळद, मग चोळणारा, मग कुणाचा तरी मेव्हणा, मग अंगारा आणि सगळे हात टेकले की मग बाई. तोवर पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. लोकांनी त्यावरून उलटाच हिशोब मांडला होता, की बाईंची पांढरी व्हॅन दारात आली म्हणजे घोडं जातं. काही तबेल्यांत ती व्हॅन दिसली की माणसं बाहेर बांधलेली घोडी आत घ्यायची. बाईंना हे ठाऊक होतं. त्या गाडी लांब कुठेतरी उभी करायच्या आणि बॅग घेऊन चालत जायच्या.

माझ्याकडे त्या आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. चिंचवडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. कंपन्यांना जड माल उचलायला लागणाऱ्या लोखंडी चौकटी, साखळीच्या कप्प्या, क्रेनचे पट्टे असलं आम्ही बनवतो आणि पुरवतो. बाईंनी भिंतीवर टांगलेला एक रुंद पट्टा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं त्याची कड चोळली आणि विचारलं, "हा किती वजन उचलतो?" मी सांगितलं. "हे झालं लोखंडाचं. मला जिवंत वजनाचं सांगा. घाबरलेलं, लाथा झाडणारं."

इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी जरा सावध होऊन म्हटलं, "बाई, टांगायचंय कुणाला?"

"टांगायचं नाही हो कारखानदार. टेकायला द्यायचंय."

वर्कशॉपमध्ये सहा माणसं आणि एक गळका पत्रा असलेल्या मला त्या दिवसापासून बाई 'कारखानदार' म्हणू लागल्या, ते कायमचं. मी त्यांना चार खांबांची एक चौकट करून दिली. वर कप्पी, कप्पीला साखळी आणि साखळीला घोड्याच्या पोटाखालून जाणारी पट्ट्यांची झोळी. घोडं उचलायचं नाही, फक्त त्याला थकवा आला की पोटाचा भार झोळीवर सोडता आला पाहिजे. कडा घासून घोड्याचं कातडं सोलू नये म्हणून बाईंनी मला त्या झोळीची शिवण चार वेळा उसवायला लावली. मी वैतागलो. बाई शांतपणे स्टुलावर बसून माझ्या वेल्डरला घोड्याच्या पायाचं गणित सांगत होत्या. "माणसाचा पाय मोडला तर त्याला पलंगावर झोपवता येतं. घोड्याला झोपवलं तर त्याची आतडी आणि फुप्फुसं बिघडतात. तीन पायांवर उभं ठेवलं तर ज्या पायावर जास्त भार येतो त्याचा खूर आतून सुटतो. मोडतो एक पाय, पण जीव घेतो दुसराच." वेल्डरनं नंतर मला विचारलं, की ह्या बाई रोज असंच बोलतात का.

त्या नुसत्या वाईटच बातम्या द्यायच्या असं नाही. ताथवड्याला एका नव्या इमारतीसमोर ड्रेनेजसाठी चर खणलेला होता, त्यात बशीरभाईंची वरातीची घोडी पुढच्या पायानं पडली. बशीरभाई पिंपरीचे, आजोबांपासून त्यांच्याकडे घोडी, पूर्वी टांगा होता, आता लग्नं. बाईंनी मला टेम्पो आणि माणसं घेऊन बोलावलं म्हणून मी ते पाहिलं. घोडीचा पाय गुडघ्याखाली भलत्याच जागी वाकला होता. वाजंत्रीवाले, बिल्डिंगवरचे मजूर, नवऱ्या मुलाचा मामा, सगळे एकदम ओरडत होते. बाईंनी ओरडणाऱ्यांपैकी जो सर्वांत मोठ्यानं ओरडत होता त्यालाच कामाला लावलं. प्लंबिंगचा जाड पाइप उभा चिरून आणायला सांगितला. पायाला कापसाचे थरावर थर गुंडाळले, त्यावर त्या चिरलेल्या पाइपचे दोन भाग लावून चिकटपट्टीनं आवळले. मग टेम्पोत चढवताना म्हणाल्या, "तोंड मागं करून उभी करा."

बशीरभाई म्हणाले, "बाई, घोडी उलटी कशी न्यायची? अपशकून होतो."

"पुढचा पाय मोडलाय. तुमच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की भार कुठं जाईल? मागच्या पायांवर जाऊ दे."

ती घोडी वाचली. मोठ्या दवाखान्यात प्लास्टर झालं, माझ्या झोळीत ती बरेच आठवडे राहिली, पुढे थोडी लंगडायची पण जगली. बशीरभाईंनी मिठाई आणली तेव्हा बाईंनी ती घेतली, खाल्ली आणि म्हणाल्या, "ही दिसणारी मोडतोड होती. दिसणाऱ्याला लोक घाबरतात, म्हणून हात लावत नाहीत. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्याची." मिठाई खाताना तरी असं बोलू नये, असं मला वाटून गेलं.

न दिसणारी मोडतोड मी पाहिली ती पाखरीच्या वेळी. त्यासाठी आधी सोपाननाना सांगायला हवेत. चाकणच्या पलीकडच्या एका गावातले नाना, सत्तरी ओलांडलेले, जमीन कंपनीत गेलेली, मुलगा त्याच कंपनीत लाइनवर. नानांना जगात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पाखरी नावाची तांबूस घोडी. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैल नुसते पळत नाहीत; घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, चढावर त्यांच्या पुढे एक घोडी चौखूर धावते आणि बैल तिच्या मागे उसळतात. तिला घोडी धरणं म्हणतात. गावच्या यात्रेत पहिल्या बारीपुढे, म्हणजे बैलांच्या पहिल्या धावेपुढे, घोडी धरण्याचा मान नानांच्या घराण्याचा. शर्यती मधे बंद होत्या, तेव्हाही नानांनी घोडी विकली नव्हती. लोक वेड्यात काढायचे. शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि नाना एकदम शहाणे ठरले.

त्या वर्षी चैत्रात, दुसऱ्याच एका गावच्या घाटावर घोड्या दाटीवाटीनं बांधल्या होत्या. शेजारच्या घोड्यानं लाथ झाडली ती पाखरीच्या मागच्या पायाला, आतल्या बाजूनं लागली. जखम म्हणाल तर केस गेले होते आणि बोटभर कातडं खरचटलं होतं. घोडी संध्याकाळपर्यंत लंगडली आणि दुसऱ्या दिवशी चालायला लागली. नानांनी एरवी बाईंना बोलावलं नसतं, पण मुलानं फोन केला. बाई पाखरीजवळ किती वेळ बसल्या मला सांगता येणार नाही. त्या पायावर वरून खाली, खालून वर नुसता अंगठा दाबत राहिल्या. एका जागी पाखरीनं कान मागे टाकले. बाईंनी तिथं पुन्हा दाबलं. पुन्हा कान मागे गेले.

त्यांनी छोट्या यंत्रावर एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. मुलगा खूश झाला. "म्हंजी काय न्हाई ना?"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही," बाई म्हणाल्या. "इथं हाडावर मांस नसतं, नुसतं कातडं. लाथ सरळ हाडावर बसलीय. केसाएवढी भेग गेली असेल तर आज दिसणार नाही, पंधरवड्यानं दिसेल. तोवर हिचं तोंड दोन्ही बाजूंनी दोरानं उंच बांधा. चालवायची नाही. आणि काहीही झालं तरी बसू द्यायची नाही."

"बसू बी न्हाई द्यायची?" नाना म्हणाले.

"घोडं बसताना मोडत नाही नाना, उठताना मोडतं. सगळं अंग मागच्या पायांवर उचलतं. भेग असेल तर त्या एका उठण्यात हाडाचे तुकडे होतील. आणि त्या जागेचं हाड मोठ्या घोडीत मला जोडता येत नाही. मलाच काय, कुणालाच."

हे त्यांनी इतक्या खालच्या आवाजात सांगितलं, की गोठ्यातल्या माश्यांचा आवाज ऐकू येत होता. पाखरी मात्र कडबा खात होती.

झोळीचं बोलणं तेव्हाच निघालं होतं. पण माझी चौकट लोणावळ्याच्या एका तबेल्यात दुसऱ्या घोड्याखाली अडकलेली होती आणि पाखरी स्वभावानं गरीब, बाईंना वाटलं की ही दोरावर निभावून नेईल. तरी त्यांनी मला दुसरी चौकट करायला सांगून ठेवली.

पुढचे दिवस मी नानांकडे दोन-तीनदा गेलो, चौकटीची मापं घ्यायला. गाव रोज येऊन घोडी बघून जात होतं. चारही पाय टेकून उभी, डोळे टवटवीत, खातेय, पितेय. आणि दोन्ही बाजूंना दोर. "नाना, डाक्टरीणबाईनं चांगल्या घोडीला फाशी दिली की," कुणीतरी म्हणालं. एक जण म्हणाला, "त्या बाईचा पाय ज्या गोठ्याला लागतो..." नानांचा मुलगा तेवढा बाईंच्या बाजूनं होता. शिफ्टवरून येऊन चहा पिता पिता तो म्हणाला, "आमी बारा बारा तास लाइनवर उभं असतो. आमाला कुठं कोन बसा म्हनतंय?" पण तो हसला नाही, आणि आम्हीही हसलो नाही.

मग यात्रा आली. गावाला वाटत होतं, नाना शेवटी दोर सोडणार. मान म्हणजे मान. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पण नानांनी पहिल्या बारीपुढे भावकीतल्या दुसऱ्याची घोडी जाऊ दिली. हलगीचा आवाज गोठ्यापर्यंत येत होता. पाखरीनं तो ओळखला. ती दोर ताणून खूर आपटू लागली. नाना तिच्या मानेला हात लावून उभे होते आणि घाटाकडे त्यांनी पाठ केली होती. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मोठं काम केलं नानांनी." बाईंकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं की धोका होता तो एवढाच, आणि तो टळला.

बाईंना तसं वाटत नव्हतं. "आता ती थकेल," त्या म्हणाल्या. घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. पाखरीचे गुडघे आता मधूनच लुळे पडायचे, ती खाली जायची आणि दोर लागला की दचकून उभी राहायची. पाय सुजले होते. ज्या माणसानं गावासमोर मान सोडला, तो माणूस दिवसभर समोर बसून हे बघत होता. बाई मला फोन करून चौकटीची घाई करू लागल्या. मी वेल्डरला ओव्हरटाइम लावला.

चौकट टेम्पोत घालून आम्ही निघालो ती वैशाखातली दुपार होती; दुसऱ्या एक्स-रेचा पंधरवडा अजून भरायचा होता. बाई टेम्पोतच बसल्या होत्या, माझ्या शेजारी. चाकणचा चौक नेहमीसारखा तुंबलेला. कंटेनरमागे कंटेनर, कंपनीच्या बसेस, आणि आम्ही मधे. रोजचंच ते, कुणी शिव्या घालण्याचेही कष्ट घेत नव्हतं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नानांच्या मुलाचा होता. बाईंनी ऐकून घेतलं, "हलवू नका, कुणी उठवू नका," एवढंच म्हणाल्या आणि फोन मांडीवर ठेवला. मग त्या दार उघडून खाली उतरल्या आणि बॅग घेऊन गाड्यांच्या मधून चालायला लागल्या. गमबुटातल्या त्या उंच बाई ट्रकांच्या रांगेतून जाताना मला बराच वेळ दिसत होत्या. पुढे एका मोटरसायकलवाल्यानं त्यांना मागे घेतलं.

मी पोचलो तेव्हा पाखरी गोठ्याच्या सावलीत कुशीवर होती. मागचा एक पाय गुडघ्याच्या वर सैल पडला होता. नाना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. झालं ते असं. उन्हानं घोडी घामानं निथळत होती, दोनदा गुडघ्यावर आली, आणि नानांनी दोर सोडला. ती बसली, मग आडवी झाली, लांब श्वास सोडून झोपली. नाना गोणपाटानं तिला वारा घालत होते. "लई दिवसांनी झोपली," असं त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलंही. घरातली सगळी तिला बघायला दारात आली होती आणि हळू आवाजात बोलत होती, तिची झोप मोडू नये म्हणून. मग झोप पुरी झाल्यावर ती आपण होऊन उठायला गेली.

बाईंनी पायाला हात लावला, काढून घेतला आणि बॅग उघडली. मला ते इंजेक्शन ठाऊक होतं. पण नाना म्हणाले, "थांबा, बाई. आदी एक खरं सांगा. म्या दोर सोडला म्हनून झालं का हे?"

आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. मुलगा नानांच्या मागे उभा राहून मान हलवत होता, नाही म्हणा, नाही म्हणा. मी मनातून ओरडत होतो. एक शब्द होता. त्यानं कुणाचं काय गेलं असतं?

"हो, नाना," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोर सोडला म्हणून. आणि मी झोळी पहिल्याच दिवशी आणली नाही म्हणून. दोन्ही."

नाना पाखरीच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "व्हय." मग त्यांनीच तिचे डोळे झाकून धरले आणि बाईंनी काम केलं. बाई लगेच उठल्या नाहीत. अंधारून येईपर्यंत त्या तिथंच जमिनीवर नानांशेजारी बसून होत्या.

परतताना मी बाईंवर भडकलो. टेम्पोत मागे ती नवीकोरी चौकट खडखडत होती आणि त्या आवाजानं माझं डोकं आणखी फिरत होतं. "एवढं खरं बोलायची काय गरज होती? म्हातारा जिवाचं काही करून घेईल. दयेनं सोडला हो त्यांनी दोर, लोभानं नाही."

"दयेनंच सोडतात," बाई म्हणाल्या. "लोभी माणसाला मी धाक घालू शकते. दयेला काय सांगू? मी 'नाही' म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ पाय तसाही जाणारच होता. मग बांधायचं कशाला? नाना चार गावांत सांगतील की बाई उगाच छळतात जनावराला, आणि पुढचा दोर ती चार गावं सोडतील." मग म्हणाल्या, "आणि त्यांना ठाऊकच होतं, कारखानदार. मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते त्या आवाजापाशी एकटे राहिले असते." आजही त्यांचं बरोबर होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या दिवशी मला त्या बाईंचा राग आला होता, आणि इतका आदर मला कुणाबद्दल वाटला नाही, हेही तेवढंच खरं.

दिवाळीनंतर नाना माझ्या वर्कशॉपमध्ये आले. वाळले होते. चहा नको म्हणाले. "बाईंना सांगा, कुठं घोडं बांधलं तर मला बलवा. मी बसतो म्होरं." मी बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. पुढे बाई जिथं जिथं घोड्याला असं दोन्ही बाजूंनी बांधायच्या, तिथं दिवसा नाना जाऊन बसायचे. कधी देहूकडे, कधी तळेगावला, एसटीनं. काही घोडी त्यातून वाचली. काहींचा दुसरा एक्स-रे स्वच्छ निघाला, म्हणजे भेग नव्हतीच. मालक चिडले की नाना म्हणायचे, "नव्हती ते ब्येस झालं की."

बाई गेल्या त्याला आता दीडेक वर्ष होईल. पोटाचा आजार होता. अखेरपर्यंत कामाला जात होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या वॉर्डबॉयच्या पायांकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "चौकटी गंजू देऊ नका." दफनाला पिंपरीतले सगळे घोडेवाले होते, त्यांची व्हॅन दिसली की घोडी आत घेणारेसुद्धा. नानांनी मूठभर माती टाकली आणि एसटी धरली. बाई नाहीत म्हटल्यावर नानांचं हे बसणंही संपलं, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात बशीरभाईंचा फोन आला. त्यांच्या नव्या पांढऱ्या घोडीला दुसऱ्या घोडीनं लाथ मारली होती. मागचा पाय, आतली बाजू. नव्या तरुण डॉक्टरनं एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, तरी बांधून ठेवा म्हणाला. चौकट पाहिजे होती. मी ती घेऊन पिंपरीच्या तबेल्यात गेलो, तर नाना आधीच येऊन पोचलेले. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पालथ्या बादलीवर बसले होते, घोडीच्या समोर.

झोळी लावली तशी ती घोडी बिथरली, थरथरायला लागली, म्हणून सैल करून तशीच ठेवावी लागली. बशीरभाई कासावीस झाले होते. "नाना, बघा ना तिच्याकडे. चारही पाय टेकून उभी आहे. खातेय. काय गुन्हा केलाय तिनं? आधीची घोडी मोडलेल्या पायानं वाचली, ही तर धड आहे. थोडा वेळ पडू दे बिचारीला. मी इथंच थांबतो." बोलता बोलता त्यांचा हात खुंटीवरच्या गाठीशी गेला होता.

नाना बादलीवरून उठले नाहीत. "माजी बी खात व्हती," ते म्हणाले. "मी बी तितंच व्हतो, वारा घालत. माजी पाखरी मी मारली बशीरभाऊ, दोर सोडून. बाईंनी तसं तोंडावर सांगितलं मला. तुजा हात गाठीवर गेला, की माज्याकडं बघ."

बशीरभाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि गाठीवरचा हात काढून घेतला.